पाहिल्याशिवाय नोंद नाही

ताई,
मी राजारामपुरीत राहतो, उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. सात वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी पक्षीनिरीक्षणाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आज 160 जण आहेत. दर रविवारी पहाटे कळंबा नाहीतर रंकाळा तलाव, महिन्यातून एकदा राधानगरी किंवा मसाईचं पठार. ग्रुपवर फोटो, नोंदी आणि ‘हा कोण?’ एवढंच चालायचं.

2024 च्या नोव्हेंबरात पक्षी सप्ताह आणि विधानसभेचा प्रचार एकदमच आले आणि सगळं बिघडलं. आमच्यातले एक काका, ज्यांनी आम्हाला दुर्बीण धरायला शिकवली, ते रोज सकाळी एका पक्षाचे फॉरवर्ड टाकायला लागले. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा त्यांना दुसऱ्या बाजूचे फॉरवर्ड टाकून उत्तर देतो. महापालिकेच्या निवडणुकीत तर कहर झाला. काका त्याला ‘विकला गेलेला’ म्हणाले, तो काकांना ‘पेन्शन खाऊन द्वेष पसरवणारे’ म्हणाला. चौघं ग्रुप सोडून गेले. आमच्यात सगळ्यात चांगले फोटो काढणारा एक मुस्लिम मित्र आहे. गेल्या महिन्यात काकांनी टाकलेल्या एका फॉरवर्डमध्ये त्याच्या समाजाविषयी फार वाईट लिहिलं होतं. मित्र काही बोलला नाही. पण तेव्हापासून त्याचा एकही फोटो आलेला नाही, रविवारीही तो येत नाही.

मी दोनदा ‘कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत’ असं लिहिलं. हात जोडलेले इमोजी आले आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. कोण म्हणतं ग्रुप बंद कर, कोण म्हणतं राजकारणाला वेगळा ग्रुप काढ. बायको म्हणते, पोलिसांत गेलं तर तू अडकशील. आणि रंकाळ्याच्या पाण्याविषयी बोलणं हेही राजकारणच, मग तेही बंद करायचं का? काकांना बोलायचं माझं धाडस होत नाही. ‘पाहिल्याशिवाय नोंद नाही’ हे त्यांचं वाक्य आम्ही सगळे शिकलोय. काय करू?
— एक ॲडमिन, कोल्हापूर

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. काकांविषयी तुम्ही भरभरून लिहिलंय, ग्रुप ठेवावा की मोडावा याविषयीही. त्या मित्राविषयी मात्र चार ओळी आहेत. मला विचाराल तर सुरुवात त्या चार ओळींपासून करा. काकांशी बोलायला दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. मित्राला आधीच महिना उशीर झालाय.

आज वर्कशॉप बंद केल्यावर त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. ‘गैरसमज करून घेऊ नकोस’ म्हणू नका, कारण त्याचा काही गैरसमज झालेला नाही, त्यानं जे वाचलं तेच तिथं लिहिलेलं होतं. ‘काका मनानं वाईट नाहीत’ हेही नको. काकांची वकिली ऐकण्याची जबाबदारी त्याच्यावर का? एवढंच सांगा, ‘तो मेसेज आला तेव्हा मी ॲडमिन असून गप्प बसलो. ते माझं चुकलं.’ मग थांबा. तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर ‘बरं, ठेवतो’ म्हणून फोन ठेवा. परत ये, ग्रुप तुझ्यावाचून सुना आहे वगैरे त्या फोनवर नको. परत यायचं की नाही, हे तो तुमच्या पुढच्या वागण्यावरून ठरवेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण मी हे करायला उशीर केला होता. 2019 मध्ये मी गच्चीवरच्या बागेचा एक ग्रुप चालवायची. नव्वदेक जण होतो. लोकसभेच्या दिवसांत त्यात असंच सुरू झालं आणि मला वाटलं, निकाल लागला की आपोआप निवळेल. एक बाई होत्या, गावठी बियाणं जपणाऱ्या. पावट्याचं, दोडक्याचं, लाल माठाचं बी कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख घालून त्या सगळ्यांना वाटायच्या. त्यांच्या जातीवरून कुणीतरी एक ओळ लिहिली. त्या गप्प झाल्या, मीही गप्प राहिले. आठ महिन्यांनी मी त्यांना फोन केला. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, ‘ताई, तुम्ही वाचलं होतं ना तेव्हा?’ मी वाचलं होतं. त्या बाई परत आल्या नाहीत. तो ग्रुप अजून आहे. पण जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय म्हणून कुणी फोटो टाकला, तर दोन-दोन दिवस कुणी उत्तर देत नाही. ज्यांना उत्तर माहीत होतं, ती माणसं गप्प झाली.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. तुमच्या ग्रुपवर दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकाच पुडीत बांधलीत. एक, पक्षापक्षांची भांडणं. ती कटकटीची आहेत, वेळ खातात, पण कोल्हापूरच्या माणसाला ती नवीन नाहीत. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत एका घरातले दोघं भाऊ दोन पॅनेलचा प्रचार करतात आणि रात्री एका ताटलीत जेवतात. दुसरं दुखणं म्हणजे एखाद्या समाजाला हीन ठरवणारा मजकूर. त्याला दोन बाजू नाहीत. ‘दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा’ असं लिहिलंत, तर ज्यानं काहीच केलं नाही त्यालाही तुम्ही आरोपीच्या रांगेत उभं करता. पक्षाच्या भांडणात तुम्ही पंच आहात. इथं तुम्ही पंच नाही, घरचे यजमान आहात. पाहुण्याचा अपमान झाला तर यजमान काय करतो, तेच करायचं.

आता काका.

तुमचं धाडस होत नाही, हे मी समजू शकते. ज्यांच्यामुळे आपल्याला हा छंद लागला, त्यांना ‘तुम्ही चुकताय’ म्हणणं अवघड असतं. पण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य परत वाचा. पाहिल्याशिवाय नोंद नाही. दादा, तुम्हाला जो नियम हवाय, तो काकांनीच करून ठेवलाय.

जरा आठवा. ग्रुपवर कुणी नवखा लिहितो, ‘कळंब्यावर आज वारकरी पक्षी दिसला.’ लगेच विचारणा होते. कपाळ पांढरं होतं की लाल? पांढरं असेल तर वारकरी, लाल असेल तर पाणकोंबडी. किती होते? कुठल्या बाजूला, किती वाजता? तू स्वतः पाहिलास की कुणी सांगितलं? एवढ्या चौकशीनंतर ती नोंद धरतात. एका काळ्या पाणपक्ष्यासाठी आपण इतकं विचारतो. आणि त्याच फोनवर, त्याच अंगठ्यानं, लाखो माणसांविषयी कुणीतरी कुठंतरी लिहिलेलं एकही प्रश्न न विचारता पुढे सरकवतो. ना तारीख, ना जागा, ना पाहणारा.

काकांशी हेच बोला. फोनवर नको, त्यांच्या घरीही नको. घरी सून असते, नातवंडं असतात, त्यांच्यासमोर माणूस मागे हटत नाही. एखाद्या सकाळी त्यांना दुर्बीण घेऊन रंकाळ्यावर बोलवा, संध्यामठाच्या बाजूला कट्ट्यावर बसा. आधी अर्धा तास पक्षीच बघा. मग म्हणा, ‘काका, सात वर्षं तुम्ही आम्हाला सांगत आलात, पाहिल्याशिवाय नोंद नाही. हल्ली ग्रुपवर सगळ्यात जास्त न पाहिलेल्या गोष्टी तुमच्याकडून येतात. मला ते सहन होत नाही.’

ते उसळतील. ‘म्हणजे मी खोटं बोलतो?’ त्यावर म्हणा, ‘तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही ते पाहिलेलं नाही, एवढंच म्हणतोय.’ मग ते म्हणतील, ‘आणि ते पोरगं मला काय काय बोललं, ते दिसलं नाही का तुला?’ त्यावर, ‘दिसलं. त्याच्याकडेही जाणार आहे. आज तुमच्याकडे आलोय.’ यापुढे वाद वाढवू नका. कुठला पक्ष बरोबर, कुठला नेता चोर, यात त्यांनी ओढलं तरी शिरू नका. एकदा शिरलात की तुम्ही विरुद्ध बाजूचे झालात आणि मग तुमचं पुढचं काहीही त्यांना ऐकू येणार नाही.

पण त्या एका मेसेजचं नाव मात्र घ्या. ‘अमक्या दिवशीचा तो मेसेज आपल्या माणसानं वाचलाय. त्या दिवसापासून तो येत नाही.’ एवढं बोलून पाण्याकडे बघत बसा. काकांना त्यावर लगेच काही सुचणार नाही. सुचावं अशी अपेक्षाही धरू नका. ग्रुपवर माफी मागा म्हणून त्यांच्या मागे लागू नका. 160 जणांसमोर मागायला लावलेली माफी मागणाऱ्याला झोंबते आणि ज्याची मागायची त्याला संकोचात टाकते. त्यांना वाटलं तर ते स्वतः त्याच्या दारात जातील. जुन्या माणसांना हे आपल्यापेक्षा चांगलं जमतं, जमायचं असेल तेव्हा.

आणखी एक. निवृत्त माणसाची सकाळ फार लांब असते. पहाटे पाचला जाग येते, घरात सगळे झोपलेले, हातात फोन. तीन-चार ग्रुपवरून काहीबाही आलेलं असतं, ते पुढे पाठवलं की आपण अजून कुणाच्या तरी जगण्यात आहोत असं वाटतं. काकांचं वागणं यानं माफ होत नाही, पण त्यांना सकाळी करायला काय द्यावं हे यातून कळतं. त्यांना सांगा, दर मंगळवारी एक जुनी नोंद लिहा. केंदाळानं, म्हणजे जलपर्णीनं, रंकाळा झाकण्याआधी तिथं काय दिसायचं, हिवाळ्यात धोबी पक्षी पहिल्यांदा कधी यायचा, राधानगरीच्या जंगलात धनेश कुठल्या झाडावर पाहिला. हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार? ते गेल्यावर ते कुठंच सापडणार नाही. आणि हे काम त्यांना गप्प बसवायला द्यायचं नाही. तुम्हाला ते खरोखर हवं असेल तरच मागा. खोटं काम माणूस ओळखतो.

त्या मुलाशी वेगळं बोलावं लागेल. त्याला चहाला घेऊन जा आणि सरळ सांगा, ‘भावा, मुद्दा तुझा बरोबर असेलही. पण तू काय केलंस? त्यांनी न पाहिलेलं टाकलं, तू दुसऱ्या बाजूचं न पाहिलेलं टाकलंस. आणि पेन्शनवर गेलास. चाळीस वर्षं नोकरी करून मिळालेली ती पेन्शन आहे.’ त्याला हेही सांगा, की त्या समाजाविषयीच्या मेसेजला त्यानं विरोध केला असेल तर त्याचं मला कौतुक आहे. ते काम खरं तर ॲडमिनचं होतं, ते त्या पोरावर पडलं. यापुढे असं काही दिसलं, तर त्यानं ग्रुपवर भिडू नये, तुम्हाला फोन करावा. पण मग तुम्ही पाच मिनिटांत काहीतरी करायला हवं, हे लक्षात ठेवा. नाहीतर तो परत स्वतःच उतरेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

तुमचं ‘कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत’ का चाललं नाही? कारण राजकीय म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी टाकलं ती माहिती, त्यानं टाकलं ते राजकारण. काकांनी हात जोडले तेव्हा त्यांना खरंच वाटलं असणार, की हे त्या पोराला उद्देशून लिहिलंय.

म्हणून नियम असा हवा की तो लावताना कुणाचा पक्ष बघावा लागू नये. माझ्या मते तो इतकाच: ग्रुपवर स्वतः पाहिलेलं, स्वतः काढलेलं, स्वतः लिहिलेलं यावं. व्हॉट्सॲप यात तुम्हाला मदत करतं. पाच किंवा जास्त वेळा पुढे सरकत आलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते. ती खूण दिसली की मजकूर देवाचा असो, देशाचा असो की डायबेटिसचा, तो निघेल. यात वाद घालायला जागाच नाही, बाण सगळ्यांना दिसतात. कुणी मजकूर कॉपी करून टाकेल, स्क्रीनशॉट टाकेल, तिथं बाण येणार नाहीत. तिथं विचारायचं, ‘हे तुम्ही पाहिलंत का? कुठं? कधी?’ हा प्रश्न तुमच्या ग्रुपवर कुणालाही अपमानाचा वाटायला नको, सात वर्षं तो पक्ष्यांविषयी विचारताच आहात. याला एक जोड हवी. कुणाच्या धर्मावर, जातीवर, बाईमाणसावर, कुणाच्या पोटापाण्यावर घसरणारा शब्द आला, तर तो स्वतः लिहिलेला असला तरी निघेल. हे ग्रुपच्या माहितीत वरच लिहून ठेवा. चार ओळींपेक्षा मोठं करू नका, कुणी वाचत नाही.

रंकाळ्याचा प्रश्न तुम्ही विचारलात, ते मला फार आवडलं. पाणी, केंदाळ, सांडपाणी, विसर्जन, रस्त्यासाठी झाडं तोडणं, हे सगळं राजकारण आहे. आणि ते तुमच्या ग्रुपवर आलंच पाहिजे. पक्ष्यांवर प्रेम करायचं आणि ते ज्या पाण्यावर जगतात त्याविषयी मात्र बोलायचं नाही, हे कसं जमेल? यातली वाट आपल्या गावानं कधीच काढून ठेवलीय. टोलचं आंदोलन आठवा. सर्वपक्षीय कृती समितीत एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका सतरंजीवर बसली आणि टोल रद्द करून घेतला. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं म्हणून सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कित्येक वर्षं लढा दिला, त्यात सगळ्या पक्षांचे वकील होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सुरू झालं. हे का जमलं? मागणी एकच होती आणि आपापला झेंडा प्रत्येकानं दाराबाहेर ठेवला होता. बाहेर पडल्यावर तो परत खांद्यावर घ्यायला कुणाची ना नव्हती.

तुमच्याकडेही तेच. ‘अमुक नाल्यातून आज सकाळी साडेसहाला काळं पाणी तळ्यात येत होतं, हा फोटो, इथं महापालिकेनं पाणी अडवावं, निवेदनावर कोण सही करणार?’ ही पोस्ट हवी. ‘अमुक नेत्यानं रंकाळा बुडवला’ ही नको. पहिलीत पाहिलेलं आहे, जागा आहे, वेळ आहे, मागणी आहे. दुसरीत फक्त राग आहे. इराणी खणीत गणपती विसर्जन करण्यावरून तुमच्यात मतभेद असतील तर जरूर बोला, पण खणीतल्या पाण्याविषयी आणि पक्ष्यांविषयी बोला. ‘आमच्याच सणाला का?’ आणि ‘तुम्हाला श्रद्धाच नाही’ हे सुरू झालं, की ते पाणी सोडून माणसांवर गेलं असं समजा आणि थांबवा.

कधी थांबवायचं, हे तर कोल्हापूरकराला सांगायला नको. जुलैत आपण सकाळी उठल्या उठल्या एकच विचारतो, पाणी किती फुटांवर आहे? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा पातळी गाठते, 43 ला धोका पातळी. चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरं दाव्यातून सोडून, बरोबर घेऊन हलायची तयारी कधी करतात? दारात पाणी आल्यावर नाही. तुमचे दोन्ही ‘कृपया’ दारात पाणी आल्यावर आले. ग्रुपवरची इशारा पातळी ओळखायला शिका. माझ्या अनुभवात ती एका शब्दावर असते: ‘तुम्ही लोक’. किंवा ‘तुमच्यासारखे’. जोवर माणसं ‘हे चूक आहे’ म्हणतात तोवर चालू द्या. ‘तुम्ही लोक’ आलं, की पाणी 39 वर.

त्या वेळी उपदेश लिहीत बसू नका. तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज असा काढता येतो, पण तो वेळेत काढावा लागतो, चार दिवसांनी ती सोय राहत नाही. फारच तापलं तर रात्रीपुरतं ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ हे सेटिंग लावा आणि सकाळी सहाला काढा. ज्याचा मेसेज काढला त्याला लगेच खाजगीत कळवा, का काढला ते. हे करताना एक गोष्ट कधीच विसरू नका: ग्रुपवर कुणाला चारचौघांत फटकारू नका. मतमोजणीच्या दिवशी तर आधी सांगून ग्रुप बंद ठेवा. मतदान संपायच्या वेळेआधी 48 तास जाहीर प्रचार थांबवावा लागतो, तो कायदाच आहे. तुम्ही तुमच्यापुरतं ते निकालाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवा. जिंकलेल्याला गुलाल उधळायला आणि हरलेल्याला रडायला सगळं गाव पडलंय.

आणि हे एकट्यानं करू नका. तिघं ॲडमिन करा. एखादी बाई असावी, आणि एक जण काकांच्याच विचारांचा असावा. तो असणं फार गरजेचं आहे. मेसेज काढला की ‘आम्ही तिघांनी काढला’ असंच लिहायचं, तिघांत मतभेद झाला असला तरी.

वेगळा राजकीय ग्रुप काढायच्या मी विरोधात आहे. मी तसा काढून पाहिलाय. रात्री तिकडे जे पेटतं, ते सकाळी माणसाबरोबर इकडेच येतं. शिवाय तिकडं कोण आहे, कोण नाही, यावरून नवीन गट पडतात. ज्यांना वाद घालायचाय त्यांना जागेची कमी नाही. मिरजकर तिकटीपासून बिंदू चौकापर्यंत कट्टे भरलेले आहेत, तिथं समोरच्याचा चेहरा दिसतो, शब्द जरा जपून येतो. ग्रुप बंदही करू नका. सात वर्षांच्या नोंदी त्यात आहेत. त्या मात्र आत्ताच बाहेर काढून ठेवा, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, जागा, संख्या घालून चढवायला घ्या. व्हॉट्सॲप ही नोंदी ठेवायची जागा नव्हेच.

वहिनींची काळजी रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्पष्ट केलंय, की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला नुसता तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचं संगनमत असायला हवं. तेव्हा त्यांना सांगा, रात्रीची झोप घालवू नका. मात्र समाजासमाजांत वैर वाढवणारा मजकूर हा गुन्हा आहेच. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं कलम 153 अ होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 196. तो मजकूर लिहिणारा आणि पसरवणारा, दोघंही अडचणीत येऊ शकतात. काकांनाही हे माहीत असावं. धमकी म्हणून नाही, घरच्या माणसाला सावध करावं तसं सांगा. असा मेसेज काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट आणि वेळ तुमच्याकडे ठेवा. प्रत्यक्ष तक्रार झालीच तर वकिलाला भेटा. आणि 2023 च्या जूनमध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून आपल्या शहरात काय झालं, ते तुम्ही पाहिलंय. दगडफेक, लाठीमार, बंद दुकानं, बंद इंटरनेट. त्या दिवशी उद्यमनगरात तुमचं शटरही अर्धं खाली असेल. ते सगळं अशाच कुणाच्या तरी हातातल्या फोनवरून सुरू झालं होतं.

आता सगळ्यात अवघड. इतकं करूनही काका थांबले नाहीत तर?

तर त्यांना ग्रुपवरून काढा. महिन्यासाठी. मी हे जड मनानं लिहिते, पण लिहिते. वयाचा मान आपण ठेवतो तो पाय धरण्यात, आधी वाढण्यात, बसायला जागा देण्यात. दुसऱ्याला दुखवायची मुभा त्या मानात येत नाही. काढण्याआधी त्यांना सांगायला स्वतः जा. आणि पुढच्या रविवारी पहाटे त्यांना कळंब्याला न्यायला गाडी घेऊन तुम्हीच दारात उभे राहा. ते येणार नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी परत जा. ग्रुप म्हणजे फोनमधला एक चौकोन आहे. तळ्याकाठची जागा त्यांची आहेच, ती कुणी काढून घेतलेली नाही, हे त्यांना तुमच्या पायांनी कळू दे.

आणि तुमचा मित्र. तुम्ही सगळं नीट केलंत तरी तो लगेच येईल असं नाही. दोन महिने लागतील, सहाही लागतील. मध्ये मध्ये त्याला रविवारचा बेत कळवत राहा, इतरांना कळवता तसाच. कधीतरी एक दिवस त्याचा फोटो येईल. त्या वेळी ग्रुपवर ‘हीच खरी एकता’, ‘स्वागत आहे मित्रा’ असलं काही कुणी लिहू नये, हे बाकीच्या दोन ॲडमिनना आधीच सांगून ठेवा. तो आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून आलेला नसेल. त्याला खंड्या मिळालेला असेल, चोचीत मासा धरलेला, पाठीवर सकाळचं ऊन पडलेला. त्याला तेच विचारा, जे सगळ्यांना विचारता. कुठं दिसला? किती वाजता?

तुमची,
ताई